फळी सरळ होती

७ सप्टेंबर

चिरंजीव धाकट्यास,

आशीर्वाद यंदा राखून ठेवले आहेत. वर्तणूक बघून पाठवीन.

पत्रास कारण अत्यंत गंभीर आहे. टेबलावरच्या लुटुपुटीच्या लढायांची जी दुहेरी स्पर्धा, तिची यादी आज मंडळाच्या फलकावर लागली आणि त्यात तुझ्या जोडीचं नाव 'अवाम' असं छापलेलं आहे. आ-चा काना गळाला आणि म-चा पाय मोडायचा राहिला. 'आवाम्' म्हणजे आम्ही दोघे. 'अवाम' म्हणजे तमाम जनता. एका टंकलेखकाच्या आळसामुळे दोन माणसांची जोडी सबंध लोकसंख्या होऊन बसली. तू फलकासमोर उभा राहून ते वाचलंस आणि तसाच घरी गेलास, असं मंडळाच्या चिटणीसांनी सांगितलं. ज्या माणसाला मी स्वतः शब्दरूपं पाठ करायला लावली, त्याच्या हातून हे व्हावं!

ते नाव मी ठेवलं होतं हे तू विसरला नसशील. एक, दोन आणि पुष्कळ अशी तीन वचनं संस्कृताने मोठ्या समजुतीने केली. मराठीने त्यातलं मधलं काढून टाकलं. दोघं फार काळ एकत्र राहत नाहीत, मग त्यांच्यासाठी वेगळं बिऱ्हाड कशाला, असा व्यवहारी विचार असावा. मंडळात आपल्याला कोणी नावाने ओळखतच नव्हतं. 'आवाम् आले', 'आवाम् कुठे बसलेत', असंच चालायचं. आता तू तुझ्या दुकानाशेजारच्या औषधवाल्याबरोबर खेळतोस आणि नाव तेच ठेवतोस. व्याकरणात ही चूक धरता येत नाही, माणसं दोनच आहेत. म्हणून मी कान्यावर आणि पायमोडक्यावर तक्रार करतो आहे.

मीही नाव दिलं आहे. माझ्या जोडीदार आमच्या शाळेतल्या भूमितीच्या बाई. करंडकाचा मोह नाही. धूळ बसायला घरात आधीच पुष्कळ जागा आहेत. गेल्या वर्षी मी भर सभागृहात म्हटलं होतं की माझी फळी सरळ आहे. ती सरळ होती. यंदा तीच फळी त्याच टेबलावर लावून ते सिद्ध करणार आहे. मग हवं तर माझ्या चिमुकल्या सैनिकांना, त्या ग्रीक यवनांना, खोक्यात घालीन आणि भागवत वाचीन.

तुझी वहिनी विचारते आहे, कसा आहेस. मी विचारत नाही.

दादा

२१ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

उत्तर नाही. मौन ही संमती असं शास्त्र सांगतं, तेव्हा नावातली चूक तुला मान्य आहे असं धरून पुढे जातो.

औषधवाल्याला खेळ शिकवायला तुला सवड नसेल, म्हणून मीच चार ओळी लिहितो. त्याला वाचून दाखव. सैनिक बोटाच्या पेरापेक्षा लहान. तीन-चार जण मिळून एका पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेले. ती पट्टी म्हणजे एक तुकडी. आपली पाळी आली की फासा टाकायचा. जितके ठिपके तितके हुकूम. तुकड्या कडेला कड लावून सरळ रेषेत उभ्या असतील तर ती फळी, आणि सगळी फळी एका हुकमात पुढे जाते. मधे बाक आला की फळी मोडली. मग प्रत्येक तुकडीला वेगळा हुकूम, आणि तेवढे ठिपके कोणाच्याच बापाच्या फाशावर नसतात. त्याला हेही सांग की आमच्याकडे इसवी सनापूर्वीचे यवन आणि मध्ययुगातले चिलखती सरदार एकाच टेबलावर लढतात. मधली हजार-दीड हजार वर्षं कुठे गेली असं त्याने विचारू नये. मुदतीची चौकशी त्याने आपल्या दुकानात करावी.

आणि आपल्या मंडळाचा तो शिरस्ता सांग, कारण तो नसता तर मला हे पत्र लिहावं लागलं नसतं. फळीबद्दल समोरच्याने शंका काढली तर पंच वाकून बघत नाहीत. ज्याची फळी त्यालाच विचारतात. जोडी असेल तर दोघांना. दोघांनी 'एक' म्हटलं की एक. सभ्य माणसांचा खेळ, म्हणून सभ्य नियम.

गेल्या वर्षीचा अंतिम सामना तुझ्या लक्षात असेल, पण तुझ्या लक्षात कसा आहे ते मला माहीत नाही, म्हणून माझा सांगतो. समोर चिलखती घोडेस्वार. मधोमध माझे लांब भाल्यांचे यवन, डावीकडे तुझे हत्ती. फाशावर एकच ठिपका पडला आणि मला एकच हवा होता. समोरच्याने नुसती भुवई उचलली. पंचांनी मला विचारलं, फळी एक आहे ना? मी म्हटलं, एक. मग तुला विचारलं. तू टेबलाच्या कडेशी वाकलास, एक डोळा मिटलास, चष्म्याच्या काड्या सरळ करताना मिटतोस तसा.

"नाही," तू म्हणालास. "मधे बाक आहे."

आपलीच फळी! भाऊबंदकीचा इतिहास मोठा आहे, पण त्यात लोक निदान शत्रूशी हातमिळवणी तरी करतात. तू फुकट केलंस. आणि तेवढ्यावर थांबला नाहीस. माझ्याकडे वळून, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास, "दादा, डोळे तपासून घे." सगळे हसले. शेजारच्या टेबलावरचे रोमनही हसले असतील, पण त्यांच्याकडे बघायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. घोडेस्वार आपल्यामधून आरपार गेले. करंडकही गेला. घरी येताना तू बसमध्ये पुढे बसलास, मी मागे.

बाईंबरोबर सराव चालू आहे. शाळा सुटली की शिक्षकांच्या खोलीतलं मोठं टेबल मोकळं करतो. बाई शिकायला चटकन, बोलायला कमी. एक खोड आहे. मी फळी लावली की पर्समधून फूटपट्टी काढतात आणि म्हणतात, सर, मधल्या तुकड्या जरा मागे गेल्यात. मग त्या सरळ करतात. त्यांनी सरळ केलेली फळी कुत्र्याच्या शेपटासारखी दिसते. भूमितीच्या अध्यापनाचा दर्जा कुठवर घसरला आहे हा विषय मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

दादा

१२ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

पाकीट मिळालं. तुझ्या वहिनीने ते माझ्या हातात देताना असा चेहरा केला की जणू त्यात तहाची कलमं आहेत. उघडलं तर एक कागद. कागदभर चौकटी, मधोमध काळा ठिपका. चिठ्ठी नाही, सही नाही.

टोमणा समजला. 'दादा, या चौकटींवर सैन्य मांड, म्हणजे फळी सरळ येईल.' पहिलीतल्या पोराला आखलेली वही देतात तसा तू मला कागद दिलास. ठीक आहे. पण टोमणा मारायचा तर माल तरी बरा वापरावा. छपाई भिकार आहे. ठिपक्याभोवतीच्या चौकटी ओल धरलेल्या भिंतीसारख्या फुगल्या आहेत आणि उजवीकडची एक रेघ मधेच बेपत्ता आहे. चष्म्याच्या दुकानात असले कागद ठेवत असशील तर गिऱ्हाईक तुझ्याबद्दल काय समजत असेल! छापखाना बदल.

कागद फेकला नाही. रंगकामाच्या टेबलावर अंथरला आहे, ब्रश पुसायला बरा पडतो. नवे भालेवाले रंगवतो आहे. त्यांचे डोळे रंगवणं मात्र सोडलं. एवढ्याशा माणसाला डोळे कशाला हवेत? त्याने पुढच्याच्या मागून चालावं.

एकूणच कारागिरी बुडाली आहे. मागच्या खोलीला नवी खिडकी बसवली, ती वाकडी. सुताराला दोनदा बोलावलं. तो म्हणतो सरळ आहे. त्याला म्हटलं, तुझं आमच्या धाकट्याच्या हाताखाली शिक्षण झालेलं दिसतं. आमच्या रस्त्यावर दिव्याचे नवे खांब उभे केलेत, तेही कमरेत वाकलेले, पुढारी समोरून आल्यासारखे. तुझ्या वहिनीला दाखवले. ती खांबाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत राहिली. मग म्हणाली, "वाकडं तुम्हा दोघांचं आहे, खांबांचं नाही." तिला कोट्या करता येतात हे इतक्या वर्षांनी समजलं.

दादा

२ नोव्हेंबर

धाकट्या,

थोडक्यात लिहितो. आमच्या पाठीमागे फोनवर तुमची जी खलबतं चालतात ती बंद करावीत. काल मी स्वयंपाकघरात गेलो तर तुझ्या वहिनीने फोन ठेवला आणि विनाकारण ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छ होता. तुम्ही दोघं माझ्याबद्दल काय बोलता ते मला नको आहे. मला तोंडावर बोलणारी माणसं आवडतात, असं मी पूर्वी म्हणायचो.

आज वर्गात एक गंमत झाली. एका मुलीला द्वितीया विचारली. ती उत्तर द्यायची सोडून म्हणाली, सर, तुम्ही माझ्या कानाकडे का बघताय? वर्ग हसला. मी म्हटलं, उत्तर तिथून बाहेर पडतं का ते बघतोय, कारण तोंडातून तर पडत नाही. वर्ग पुन्हा हसला आणि विषय संपला.

तुला आठवतं का, बाबाही बोलताना आपल्या कानाकडे बघायचे? आपल्याला वाटायचं, कान धुतलेत की नाही ते तपासताहेत. तू तर त्यांच्यासमोर जाण्याआधी मुद्दाम कान पुसून यायचास. हे मी का लिहितो आहे ते माहीत नाही. स्पर्धा जवळ आली की माणूस हळवा होतो म्हणतात.

सामन्यांच्या जोड्या लागल्यात. तुमची जनता आणि आम्ही पहिल्याच फेरीत समोरासमोर आहोत. नाव अजून दुरुस्त केलेलं नाहीस.

दादा

१६ नोव्हेंबर

धाकट्या,

जिंकलो. अभिनंदनाची तसदी घेऊ नकोस.

तू तिथे होतास, तरी लिहितो. कारण टेबलाच्या माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला ठाऊक नाही, आणि ते तुला ठाऊक नसताना मला झोप लागेलसं दिसत नाही.

तू आलास, बाईंना नमस्कार केलास, पंचांशी हवापाण्याचं बोललास. माझ्या यवनांकडे वाकून ओळखीच्या माणसांकडे बघतात तसं बघितलंस. त्यांना डोळे नाहीत हे तुझ्या लक्षात आलं, ते मला दिसलं. माझ्याशी मात्र एक शब्द नाही. मीही कमी नव्हतो. आपल्या दोघांचं सगळं बोलणं औषधवाल्याच्या आणि बाईंच्या मार्फत चाललं होतं, घटस्फोटाच्या कज्ज्यात वकिलांमार्फत चालतं तसं.

फळी मी स्वतः लावली होती. बाईंना हात लावू दिला नाही. हत्ती पुढे आले, माझी पाळी आली, फासा टाकला आणि एकच ठिपका. नशिबालाही पुनरुक्तीचा दोष लागतो. एका हुकमात फळी पुढे गेली असती तर हत्ती संपले. नाही तर आम्ही.

तुझा औषधवाला म्हणाला, "ही फळी एक कशी काय हो?" त्याला बोल लावत नाही, तो नवा आहे आणि त्याला डोळे आहेत.

पंचांनी मला विचारलं. मी म्हटलं, एक. मग ते बाईंकडे वळले. बाईंच्या हातात फूटपट्टी होती. त्यांनी ती हळूच पर्समध्ये ठेवली आणि पर्सचा बंद लावला. टेबलाकडे बघत राहिल्या. आयुष्यभर मुलांना सरळ रेषेची व्याख्या शिकवणाऱ्या बाईंना उत्तर द्यायला वेळ लागतो आहे, हे मी ऐकत होतो. हो, ऐकतच होतो. सभागृहातले पंखे सुद्धा ऐकू येत होते.

तेव्हा तू बोललास. "राहू द्या. आम्हाला मान्य आहे. फळी एक आहे."

औषधवाला तुझ्याकडे असा बघायला लागला की जणू तू त्याच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय विष नेतो आहेस. तू त्याच्या हातावर हात ठेवलास. पंचांनी मान हलवली. मी फळी पुढे सरकवली, हत्ती उधळले, आणि त्यानंतरचा प्रत्येक सामना मी कसा खेळलो ते मला आठवत नाही. शेवटचे दोन बाईंनीच जिंकले. करंडक टेबलावर आहे. तुझ्या वहिनीने त्यात अजून काही ठेवलेलं नाही.

घरी येताना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा लावून बघत होतो. गेल्या वर्षी करंडक हातात येत होता, सख्खा भाऊ शेजारी उभा होता, तरी तू बाक असलेल्या फळीला सरळ म्हणाला नाहीस. यंदा हरत होतास, भाऊ शत्रू होता, तरी म्हणालास. तू खोटं बोलत नाहीस, धाकट्या. तुझा हा दुर्गुण लहानपणापासून सगळ्यांना माहीत आहे. फुटलेल्या बरणीपासून नापास झालेल्या चाचणीपर्यंत तू सगळं जाऊन सांगायचास, माझंही.

तू आयुष्यात एकाच माणसाशी खोटं बोललास. बाबा भरदिवसा पलंगावर बसून विचारायचे, आज अंधार कसा रे? आणि तू म्हणायचास, "लाईट गेलेत, बाबा."

'फळी एक आहे' हे तू त्याच आवाजात म्हणालास.

दादा

१७ नोव्हेंबर

धाकट्या,

कालचं पत्र टपालात टाकलं आणि घरी येऊन ब्रश पुसायचा तुझा कागद काढला. त्यावरचा रंग ओल्या फडक्याने पुसला. तुझ्या वहिनीच्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा घेतला आणि तिला म्हटलं, दोन टोकं धर, ताणून. तिने कशाला म्हणून विचारलं नाही. दोरा ठिपक्यावरून चौकटीच्या रेघेवर धरला. मी आधी एक डोळा झाकला, मग दुसरा.

ताणलेला दोरा वाकडा असू शकत नाही, एवढी भूमिती मलाही येते. तो वाकडा होता. डाव्या डोळ्याने थोडा, उजव्याने फार, आणि उजव्याने मधे एक तुकडा नव्हताच. तुझ्या वहिनीला विचारलं, कागदावरच्या रेघा कशा आहेत? ती म्हणाली, सरळ. पहिल्यापासून सरळच आहेत. आणि मग ती दोरा गुंडाळत बसली, रिळाला उलटा.

मी मुलांना शिकवतो की शब्दाचा आधी सरळ अर्थ घ्यावा, त्याला अभिधा म्हणतात. सरळ अर्थ जुळत नसेल तरच वाकड्या वाटेने जावं, ती लक्षणा. चष्म्याचा दुकानदार जेव्हा 'डोळे तपासून घे' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ डोळे तपासून घे एवढाच असतो. पाटीवर लिहिलेलं असतं तुझ्या. मी वर्षभर त्याची लक्षणा करत बसलो. आणि हा कागद टोमणा नव्हता. तो तू दुकानात भिंतीला लावून ठेवतोस, गिऱ्हाइकाला एक डोळा झाकायला सांगतोस, हे मी स्वतः शंभरदा बघितलं आहे. बाबांच्या हातातही तू तो दिला होतास, पण फार उशिरा.

अंगण सरळ होतं, खिडकी सरळ होती, खांब सरळ होते. सुताराकडे जाऊन येईन.

मला सरळ रेघ वाकडी दिसते. हे मी आज पहिल्यांदा लिहिलं आणि ते लिहिलेलं वाक्यही मधे थोडं वाकडं दिसतं आहे.

पुस्तकांची मला तितकी काळजी नाही. अर्ध्याहून अधिक पाठ आहेत, उरलेली कोणी तरी वाचून दाखवील. नोकरीची काही वर्षं राहिलीत, तीही ढकलता येतील. यवन बाईंना देईन, त्या त्यांचे डोळे रंगवतील. काल बक्षीस घेताना तू समोरच्या रांगेत उभा होतास. मी तुझ्याकडे बघितलं आणि तुझा चेहरा असायला हवा होता तिथे काही नव्हतं. म्हणून मी जरा बाजूला, तुझ्या कानाकडे बघितलं, म्हणजे चेहरा कडेने थोडा दिसला. तू दुसरीकडे मान फिरवलीस. तुला वाटलं असेल, दादा अजून रागाने बघतो आहे.

तुझेही डोळे तपासून घे. हे मी अभिधेने म्हणतो आहे.

बाबांनी शेवटची वर्षं आपल्याला आवाजावरून ओळखलं. तू दारातून 'बाबा' म्हणालास की त्यांचा चेहरा तुझ्याकडे वळायचा. मला त्याचीच भीती वाटते, धाकट्या. मलाही पुढे सगळ्यांना आवाजावरूनच ओळखावं लागेल, आणि तू माझ्याशी बोलत नाहीस.

दादा